यशाचे गुरू : आपण का फसतो?



या महिन्याचा पाठ खरं तर 'वाणीचा संयम' या विषयावर लिहायचा ठरला होता. तो आता पुढच्या महिन्यात घेऊ. मधे एक गोष्ट घडली आणि ती माझ्याच हातून घडली, म्हणून आधी हा विषय. पाठ जरा लांब आहे, एका दमात वाचला नाही तरी चालेल. पण शक्यतो घरातल्यांनी मिळून वाचा. घरात कॉलेजात जाणारी मुलं असतील, नुकतंच कोणी रिटायर झालेलं असेल, किंवा माझ्यासारखी दुपारी मोबाइल घेऊन बसणारी कोणी असेल तर नक्कीच.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर माझ्या मोबाइलवर एक जाहिरात आली. 'गृहिणींनो, घरबसल्या महिन्याला पन्नास हजार. फक्त ९९ रुपयांत तीन तासांचा वर्ग.' शिकवणारे गृहस्थ चांगले बोलत होते. कपाळाला गंध, मागे सरस्वतीची तसबीर, सुरुवातीला श्लोक. मला बरं वाटलं. मी स्वतः अर्धा तास पाहिलं, मग दूधवाला आला, कुकर लावायचा होता, ते राहून गेलं. पण त्याआधी एक काम मी करून बसले होते. ती लिंक आपल्या केंद्राच्या महिला ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, 'छान वाटतंय, बघा बरं कोणाला उपयोग होतो का.'

चारेक महिन्यांनी लक्षात आलं की आपल्या केंद्रातली एक ताई गुरुवारच्या आरतीला येईनाशी झाली आहे. (तिच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव, पत्ता काही देत नाही आणि कोणी अंदाजही बांधू नये ही विनंती.) दोन-तीन गुरुवार गेले. मी तिच्या घरी गेले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग ती एकदम म्हणाली, "काकू, एक विचारू का? रागावू नका. त्याचे तुम्हाला किती मिळाले?"

मला काही कळेचना. कशाचे किती? मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

तिनं ९९ भरले होते. मग 'पायाभूत अभ्यासक्रमा'चे ४,९९९. आणि मग 'डायमंड सदस्यत्वा'चे ६५,०००. लग्नाआधी ती शाळेत शिकवायची, तेव्हाचं तिच्या नावाचं क्रेडिट कार्ड होतं, त्यावर अठरा हप्ते करून घेतले. महिन्याला चार हजारांच्या वर जातात. घरात कोणाला माहीत नाही. घरखर्चातून काढते, एक अंगठीही मोडली. आणि त्या डायमंडमध्ये शिकवलं काय? तर असाच वर्ग आपण दुसऱ्यांना कसा विकायचा आणि आणलेल्या प्रत्येक माणसामागे कमिशन कसं मिळवायचं. ते कळल्यावर तिला वाटलं, म्हणजे काकूंनीही लिंक टाकली ती त्यासाठीच.

मी घरी आले ती रात्रभर झोपले नाही. एक पैसा मला मिळालेला नाही. पण तिनं त्या माणसावर विश्वास ठेवला नव्हता, तिनं माझ्यावर ठेवला होता. ग्रुपवर काकूंनी टाकलंय म्हणजे बघून-सवरूनच टाकलं असेल. फसवणारा आपल्या दारात एकटा येत नाही. आपल्यातलंच कोणीतरी त्याचं बोट धरून त्याला आत आणतं, आणि त्याला ते ठाऊकही नसतं.

पैसे कसे काढून घेतात

ताईकडून मी सगळं नीट विचारून घेतलं, कारण 'लोक मूर्ख असतात, हावरट असतात' हे माझ्या मनाला पटत नव्हतं. ती मूर्ख नाही. गणित शिकवायची. घरातला हिशोब पै-पैचा ठेवते.

तीन तासांच्या वर्गात पहिले दोन तास शिकवणं नसतंच. तो माणूस स्वतःची कहाणी सांगतो. गरिबी, वडिलांचं आजारपण, नातेवाईकांनी केलेला अपमान, मग एक दिवस मिळालेली दिशा. बायका रडतात. बाजूला कमेंट पळत असतात : 'सर, आपने जीवन बदल दिया.' त्या खऱ्या माणसांच्या असतात की आधी भरून ठेवलेल्या, हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही. तिसऱ्या तासाला किंमत येते. आधी १,२०,००० आणि त्यावर काट. मग ४९,००० आणि त्यावरही काट. शेवटी ४,९९९. कोपऱ्यात घड्याळ उलटं चालू, पंधरा मिनिटं, 'आता फक्त १७ जागा'. आपल्या इकडे राजवाड्यावर साडी घेताना दुकानदारानं असं केलं तर आपण हसून पुढच्या दुकानात जाऊ. पण तिथे आपण उभ्या असतो, बरोबर नणंद किंवा मैत्रीण असते. इथे दुपारी घरात आपण एकट्या, कानात इअरफोन.

दुसऱ्या दिवशी फोन आला. 'काउन्सेलर' म्हणे. गोड आवाजाची मुलगी. तिनं विकायचं काहीच बोलून दाखवलं नाही, नुसते प्रश्न विचारले. तुमचं स्वप्न काय होतं? नोकरी का सोडली? कधी वाटतं का की आपलं राहून गेलं? ताई सांगते, "काकू, दहा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं." पाऊण तास बोलणं झाल्यावर शेवटी प्रश्न आला : "मॅडम, घर में डिसिजन आप लेती हैं या सर?"

या प्रश्नाचं काय उत्तर देणार? 'यांना विचारून सांगते' म्हटलं तर आपणच आपल्याला कमी केल्यासारखं. ताईनं तिथेच कार्डाचा नंबर दिला. एरवी आपण घरात विचारतो ते परवानगीसाठी नाही, चार डोकी बरी म्हणून. त्या मुलीनं हे विचारणंच लाजिरवाणं करून टाकलं. मला वाटतं अख्ख्या प्रकारातला सर्वांत हुशार आणि सर्वांत वाईट भाग हाच. माणसाला त्याच्या माणसांपासून पाच मिनिटांसाठी तोडायचं, तेवढं पुरतं.

'हे तर माझंच वर्णन'

मी मानसशास्त्रात बी.ए. केलं, त्याला तीस वर्षांच्या वर झाली. पण एक प्रयोग डोक्यात राहिलेला आहे. अमेरिकेत बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभाव-चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं 'खास' वर्णन लिहून दिलं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी चारच्या वर आली. मग त्यांनी सांगितलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता आणि त्यातली वाक्यं बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. तुमच्यात बरीच क्षमता आहे पण ती अजून पूर्ण वापरली गेलेली नाही. बाहेरून तुम्ही शांत दिसता पण आतून काळजी करता, असल्या धाटणीची.

आता सांगा, यातलं कोणाला लागू नाही? माझ्या सासऱ्यांना लागू आहे आणि आमच्या कामवाल्या बाईलाही आहे. पण जेव्हा एखादा माणूस आपल्याकडे बघून हे म्हणतो तेव्हा वाटतं, यानं मला ओळखलं. घरात वर्षानुवर्षं कोणी ओळखलं नाही, यानं दोन तासांत ओळखलं.

हाव आहे का? असेलही थोडी, कोणात नसते. पण मी जितक्या जणांशी बोलले त्यांच्यात पैशापेक्षा दुसरीच भूक दिसली. एक गृहस्थ बँकेतून रिटायर झालेले. त्यांना पेन्शन पुरते. पण सकाळी अकरा वाजता आता कोणी 'साहेब' म्हणत नाही. आमच्या ओळखीचा एक मुलगा इंजिनियर होऊन दोन वर्षं घरी आहे, लग्नकार्यात 'सध्या काय करतोस' हा प्रश्न टाळायला तो मांडवातच येत नाही. या लोकांना कोणी तरी 'तुम्ही करू शकता' म्हणणारं हवं असतं. ते आपण म्हणत नाही, मग जो म्हणतो त्याच्याकडे ती माणसं जातात. ही टीका मी आधी स्वतःवर करते आहे.

रोज खरी ठरणारी टिप

इंदूरकरांना हा धंदा नवा नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत शेअरबाजाराच्या टिप्स विकणाऱ्या ॲडव्हायझरी कंपन्या आपल्या शहरात पुष्कळ निघाल्या, फोन करायला कॉलेजची मुलं-मुली ठेवत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांवर सेबीनं कारवाई केली. आपल्यातल्या काही घरांतली मुलं तिथे नोकरीला होती, हेही खरं.

'पण त्यांची टिप पाच दिवस लागोपाठ बरोबर आली हो!' असं मी किती जणांकडून ऐकलं असेल. ही युक्ती जुनी आहे, वही घेऊन बसा म्हणजे समजेल. समजा माझ्याकडे १,०२४ फोन नंबर आहेत. पहिल्या दिवशी निम्म्यांना कळवते, हा शेअर उद्या चढेल. निम्म्यांना कळवते, पडेल. चढला तर पडेल म्हटलेल्यांना सोडून देते. उरले ५१२. त्यांचे पुन्हा दोन भाग. मग २५६, १२८, ६४, आणि पाचव्या दिवशी ३२. या ३२ जणांच्या दृष्टीनं मी पाचही दिवस अचूक सांगितलं! त्यांना मी म्हणेन, आता सहाव्या टिपेचे वीस हजार. बाकीचे ९९२ जण मला विसरून गेलेले असतात. मला बाजारातलं ओ की ठो कळत नसलं तरी चालतं.

यशाच्या वर्गातले 'अनुभव' असेच असतात. हजार जणांनी पैसे भरले, दहा जणांचं काही बरं झालं (कदाचित ते तसंही झालं असतं), त्या दहा जणांचे व्हिडिओ आपल्याला दिसतात. नऊशे नव्वद जण आपापल्या घरात गप्प बसलेले असतात. ते गप्प बसतात, म्हणूनच पुढचा वर्ग भरतो.

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. तोटा माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. खर्च वजा जाता एक लाखाच्या वर फायदा झाला तो फक्त १ टक्का लोकांना. हे आकडे मुलांना जरूर दाखवा. कारण यशाच्या या वर्गांत आजकाल सर्वांत जास्त विकलं जातं ते हेच, 'ऑप्शन्स शिका आणि नोकरी सोडा'.

आणि जो शिकवतो त्याचं काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीनं 'बाप ऑफ चार्ट' या नावानं चालणाऱ्या प्रकाराविरुद्ध अंतरिम आदेश काढला. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणी न करता सल्ला दिला जातो असं त्यात म्हटलं आणि १७ कोटी २० लाख रुपये वेगळ्या खात्यात जमा करायला सांगितलं. त्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. लोकांना मोठमोठ्या फायद्याची स्वप्नं दाखवणाऱ्या त्या माणसाच्या स्वतःच्या व्यवहारांत जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात दोन कोटी एकोणनव्वद लाखांचा निव्वळ तोटा होता. कमाई झाली ती फियांमधून.

याचा मूळपुरुष म्हणावा असा एक माणूस कॅलिफोर्नियात होऊन गेला, सॅम्युअल ब्रॅनन. १८४८ मध्ये तिकडे नदीत सोनं सापडलं. याचं तिथे दुकान होतं. यानं आधी फावडी, घमेली, पराती असलं सामान भरून ठेवलं आणि मग सोन्याच्या कणांची बाटली हातात घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांतून ओरडत फिरला, सोनं, सोनं! लोक कामधंदे टाकून धावले. सोनं धुवायची परात तो वीस सेंटला घ्यायचा आणि पंधरा डॉलरला विकायचा असं सांगतात. स्वतः नदीत उतरून खोदत बसण्याची त्याला गरजच पडली नाही. निदान त्याच्या पराती खऱ्या होत्या!

कळूनसुद्धा लोक बाहेर का पडत नाहीत

हा प्रश्न मी ताईला विचारला. दुसऱ्या महिन्यातच तिला कळून चुकलं होतं. मग पुढचे दोन महिने?

एक म्हणजे गेलेला पैसा. सत्तर हजार गेले हे कबूल करण्यापेक्षा अजून थोडं करून पाहू, निघतील, असं वाटतं. बुडत्याला काडीचा आधार. सेबीच्या त्याच अभ्यासात आहे, तोटा सोसलेल्यांपैकी पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त लोक पुन्हा व्यवहार करतच राहिले. ही माणसं आपल्यासारखीच शिकली-सवरलेली.

पण दुसरं कारण जास्त खोल आहे, आणि ते आपल्या मार्गातल्या लोकांना जास्त लागू पडतं. तिनं ग्रुपवर विचारलं, सर, अजून एकही माणूस मिळाला नाही. उत्तर आलं, 'तुमची मानसिकता अजून गरिबीची आहे. तुमच्या मनात शंका आहे. शंका घेणाऱ्याला विश्व देत नाही.' ताईनं हे ऐकून रोज पहाटे उठून ते सांगतील ती वाक्यं एकशे आठ वेळा लिहिली! तिला वाटलं, माझंच कमी पडतंय. चार जणींनी पैसे परत मागितले तर त्यांना ग्रुपमधून काढलं आणि 'नकारात्मक ऊर्जा बाहेर गेली' असा मेसेज टाकला.

ही भाषा कुठून आली ते ओळखलंत ना? श्रद्धा, शरण जाणं, शंका न घेणं, संकल्प, कृतज्ञता, ऊर्जा. ही आपल्या देवघरातली भांडी आहेत, ती त्यांनी दुकानात मांडली. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की फळ मिळालं नाही तर आधी स्वतःत दोष बघावा. साधनेत ते ठीकच आहे. साधनेत माणूस पैसे भरून पन्नास हजार मागायला आलेला नसतो. पण विकत घेतलेल्या मालाच्या बाबतीत माल खराब निघाला तर दोष मालाचा. आपण डोसा करपला म्हणून तव्याला दोष देतो, मग इथेच दोष आपला कसा?

समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकातला दुसरा समास 'गुरुलक्षण' यालाच दिला आहे. करामती दाखवणारे, मंत्र-चेटकं करून लोकांना भुलवणारे, यांनाही लोक गुरू म्हणतात, पण ते सद्गुरू नव्हेत, असं ते तिथे बजावतात. कला, विद्या, धंदा शिकवणाऱ्यांनाही त्यांनी वेगळं ठेवलं आहे. आपल्यापैकी कित्येकांनी हा समास अनेक वेळा वाचलेला आहे. मीही वाचला आहे आणि तरी गंध नि सरस्वतीची तसबीर बघून भुलले. म्हणजे गुरूला पारखून घ्या हे आपल्याला सांगितलेलंच आहे. पारखणं ही अश्रद्धा नव्हे. कोणी माझ्याशी याबाबत वाद घालणार असेल तर गुरुवारी जरूर या.

आता थोडं व्यवहाराचं

पैसे गुंतवण्याचा सल्ला कोणी देत असेल तर त्याची सेबीकडे नोंदणी आहे का ते विचारा आणि सांगितलेला नंबर सेबीच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. त्यानं पाठवलेला सर्टिफिकेटचा फोटो धरू नका, तसे फोटो कोणीही बनवतं. 'आम्ही सल्ला देत नाही, फक्त शिकवतो' म्हणत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये सेबीनं स्पष्ट केलं होतं की जो फक्त शिक्षण देतो त्यानं गेल्या तीन महिन्यांतले शेअरचे भाव वापरून शिकवायचं नाही. तेव्हा वर्गात आजचा भाव दाखवून 'हा घ्या' म्हणत असेल तर तो शिक्षक नव्हे.

माणसं आणा आणि पैसे मिळवा, यावरच जी योजना चालते ती १९७८ च्या मनी सर्क्युलेशन बंदीच्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. ताईची कंपनी त्यात बसते की नाही हे वकील बघताहेत, मी त्यावर बोलत नाही.

आणि कोणताही वर्ग असो, स्वतःला एकच प्रश्न विचारा. या माणसाचं पोट कशावर चालतं? जे शिकवतो त्यावर, की शिकवण्यावर? शिवणक्लासवाल्या बाई स्वतः शिवतात, त्यांचे ब्लाउज आपण बघितलेले असतात. यशाचा क्लास घेणाऱ्यानं वर्ग विकण्याखेरीज कशात यश मिळवलं, ते बघा.

घड्याळ उलटं चालू असेल तर मोबाइल पालथा ठेवा. उद्या ती जागा मिळाली नाही तर ती आपली नव्हतीच. (मिळते. ताईच्या त्या १७ जागा आजही १७ च आहेत, मी परवाच पाहिलं.)

पैसे गेलेच असतील तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा. जितका लवकर तितका पैसा पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. आपल्या बँकेलाही त्याच दिवशी कळवा. वर्ग खराब निघाला, परत देईन म्हणून देत नाहीत, अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि महिना-दोन महिन्यांनी कोणाचा फोन आला की 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फक्त पाच हजार फी', तर तो दुसरा फसवणारा असतो. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.

घरात कोणी येऊन सांगितलं की माझे पैसे गेले, तर पहिलं वाक्य काय म्हणाल हे आजच ठरवून ठेवा. 'तुला कळलं कसं नाही?' हे म्हणू नका. ताई चार महिने गप्प राहिली ती याच एका वाक्याच्या भीतीनं. ती शेवटी यजमानांशी बोलली तेव्हा मी बाहेरच्या खोलीत बसले होते. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "किती हप्ते राहिलेत?" आणि वही घेऊन बसले. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं.

मागच्या सोमवारी मी आपल्या महिला ग्रुपवर लिहिलं. 'अमुक तारखेला मी जी लिंक टाकली होती ती न बघता टाकली होती. त्यात आपल्यातल्या एकीचे पैसे गेले. मला त्यातून काही मिळालेलं नाही, पण चूक माझी आहे. आणखी कोणी भरले असतील तर मला खाजगीत सांगा, कोणाला कळणार नाही.' पाठवताना हात कापत होता, खोटं कशाला सांगू. आता ग्रुपवर कमाईची, गुंतवणुकीची कुठलीही लिंक टाकायची नाही असं केंद्रानं ठरवलं आहे, ते मीही पाळणार आहे.

रात्रीपर्यंत तिघींनी खाजगीत लिहिलं. एकीचे ९९ गेले होते, एकीचे ४,९९९. तिसरीचा वर्ग अजून चालूच होता. तिनं डायमंडसाठी यूपीआय ऑटोपे लावून दिलं होतं, हप्ता ५ तारखेला कापला जायचा होता. तिला स्वतःला ते बंद करता येतं हेच माहीत नव्हतं. ४ तारखेला संध्याकाळी ती माझ्याकडे आली, आम्ही दोघींनी माझ्या नातवाला मधे बसवून ॲपमध्ये ऑटोपेचं पान शोधलं आणि ते रद्द केलं.